अर्ध्यावर बोलणारा सिनेमा

काळीमावशीने सांगितलं होतं. एकदा नाही, दोनदा.

जिजा तेव्हा पाच महिन्यांची होती आणि काळीमावशी रोज सकाळी कैनाडहून बोर्डीला तिला न्हाऊ घालायला यायची. पाय लांब सोडून, नडग्यांच्या मधल्या खोलगट जागेत पोरीला पालथं घालून, पाठीवर कोमट पाण्याची धार सोडता सोडता ती म्हणाली, "बाय, ही पालथी असली का हिला माझी हाक पोचत नाय. कान दाखवून आण."

मयुरा टॉवेल घेऊन दारात उभी होती. "दाखवलेत मावशी. हॉस्पिटलात सगळं तपासतात आता."

"सगळं म्हंजे कानबी?"

"सगळं म्हणजे सगळं."

दुसऱ्यांदा मावशी तेच म्हणाली तेव्हा मयुरा नुसती हसली. मग मावशीनेही विषय सोडला. मोठ्या घरच्या शिकलेल्या सुनेला तिसऱ्यांदा कोण सांगणार?

मयुरा काही बेफिकीर आई नव्हती. उलट घरात तिची थट्टा चाले ती तिच्या काळजीवरूनच. बी.एस्सी. झाल्यावर बोईसरच्या एका औषधांच्या कंपनीत दोन वर्षं तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काढली होती. बघणं हेच तिचं काम होतं आणि लग्नानंतरही ती सवय गेली नाही. जिजाच्या नखांचा रंग, झोपेतला श्वास, लाळ कधी वाढली, पुरळ कधी उठलं, सगळं एका वहीत उतरायचं. हितेश म्हणायचा, "पोर शिंकली तरी तू वेळ लिहितेस. शिंकेला काय गाडी पकडायचीय?"

त्या वहीत कानांचं पान नव्हतं, एवढंच. बाळंतपणानंतर घरी सोडताना हातात दिलेल्या कागदांत एक पिवळी चिठ्ठी होती: विसाव्या दिवशी कानांची तपासणी. पण सव्वा महिना होईपर्यंत बाळबाळंतिणीने उंबरा ओलांडायचा नाही, हा तिच्या सासूबाईंचा, अंबूबाईंचा, नियम. मयुराने तो मोडला नाही. खरं सांगायचं तर तिला तो आवडला होता, कारण बाहेर वारा होता, खोकणारी माणसं होती, धूळ होती. सव्वा महिना झाला, महालक्ष्मीला नारळ देऊन आले, तोवर लसींच्या तारखा सुरू झाल्या. पिवळी चिठ्ठी फायलीच्या तळाशी जाऊन बसली.

जिजाला आठवा लागला आणि तिने दुपारची झोप सोडली. अंबूबाईंना रक्तदाबाची गोळी घेऊन दुपारी दोन तास पडावंच लागे. हितेश वाडीत चिकूच्या काढणीवर. घर गप्प, आणि त्या गप्प घरात जिजा टक्क जागी. तिला उचलून या खिडकीतून त्या खिडकीत नेता नेता मयुराचे खांदे भरून येत.

तेव्हा दौलतकाका धावून आले. हे हितेशचे चुलते, पलीकडच्या वाडीत एकटे राहणारे. ऐन जवानीत त्यांनी डहाणू रोड स्टेशनसमोर व्हिडिओ लायब्ररी काढली होती. सगळं गाव मारामारीच्या नाही तर लग्नाच्या कॅसेटी मागायचं, आणि दौलतकाकांचा जीव मात्र मुक्या सिनेमांवर. परदेशातून टपालाने मागवायचे. आधी कॅसेटी, मग डीव्हीडीच्या चकत्या. गिऱ्हाईक न्यायचं आणि अर्ध्या तासात परत यायचं: "दौलतशेठ, बिघडलेली दिलीत, आवाजच येत नाही." शेवटी त्यांनी दुकानात पाटी लावली: आवाज मुळातच नाही, परत आणू नये. तेवढ्याने भागेना, तेव्हा प्रत्येक खोक्यावर चिकटपट्टीचा ठिपका लावला. मुक्याला लाल, बोलक्याला हिरवा. लायब्ररी बंद पडून किती वर्षं झाली, पण तो सगळा माल चिकूच्या क्रेटमध्ये भरून त्यांच्या माळ्यावर जपलेला होता.

त्यातलंच एक क्रेट आणि आपला जुना प्लेअर घेऊन ते आले. "घे सूनबाई. ह्याने कोणाचीच झोप मोडत नाही."

"काका, दोन वर्षांपर्यंत टीव्ही दाखवू नये म्हणतात."

"टीव्ही कुठाय हा? आवाज नाही, रंग नाही. अर्धासुद्धा टीव्ही नाही."

तिला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं तिला.

मग त्या दुपारी सुरू झाल्या. पडदे ओढलेले, पंखा एकवर, आणि चटईवर मांडीत जिजा. काही चकत्यांवर कोणीतरी मागाहून पियानो भरलेला असे, पण काकांनी बहुतेक स्वस्तातल्या आणलेल्या. त्यांवर तेवढंही नव्हतं. नुसती माणसं. एक बाई वाऱ्यात चादरी वाळत घालतेय आणि एकेक चादर तिच्या अंगाला गुंडाळली जातेय. आगगाडी येते, वाफेत सगळं स्टेशन बुडतं, चिमणीएवढाही आवाज नाही. बर्फात एक घोडा पाय उचलतो आणि ठेवतो, उचलतो आणि ठेवतो. मधूनच काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं उमटत, ती मयुरा हलक्या आवाजात मराठी करून वाचायची. "ती म्हणतेय, तू परत येशील ना." तिने वाचायला तोंड उघडलं की जिजा मान वळवून तिच्याकडे बघे. मयुराला वाटे, पोर गोष्ट ऐकतेय.

जिजाला हे सिनेमे किती समजायचे कोण जाणे, पण ती हसायच्या जागी हसायची. कोणी पडलं, कोणाची टोपी उडाली, की खळखळून. आणि पडद्यावरचं माणूस रडू लागलं की तिचा खालचा ओठ पुढे येई. मयुराने वहीत लिहिलं: चेहरे वाचते. खाली दोन रेघा मारल्या.

हळूहळू त्या दुपारींचा रंग बाहेरही उतरू लागला. सिनेमा संपल्यावर पोरीला कडेवर घेऊन ती किनाऱ्याकडे जायची. बोर्डीचा समुद्र ओहोटीला एवढा आत जातो की लाटा दिसतात, त्यांचा आवाज येत नाही. ओल्या वाळूवर दूर कोणीतरी वाकून काहीतरी वेचत असायचं, सुरूच्या झाडांखालून एक सायकल जायची, सगळं करडं आणि सावकाश. वाडीत काढणीची माणसं लांब काठीच्या जाळीत चिकू धरून खाली सोडत, तोंडं हलत, हसू दिसे, आणि मयुराला क्षणभर वाटे, आता काळी पाटी येईल. अशा वेळी तिची काळजी तिला सोडून जाई. लग्नानंतर इतकं निवांत तिला कधीच वाटलं नव्हतं. शेजारच्या योगिताने विचारलं, "तुझी पोर कशी गं इतकी शांत? माझा तर भांडं पडलं की घर डोक्यावर घेतो." मयुराला ती शाबासकी वाटली.

जिजाचं 'बाबाबा, ममम' त्या दिवसांत कमी होत गेलं होतं. मयुराच्या ते लक्षात आलं होतं. तिने लिहिलं, दात येत असावेत.

मे महिन्यात एक दिवस तिने दीपगृहाचा सिनेमा लावला. खोक्यावर लाल ठिपका. आदल्या संध्याकाळी हितेशने क्रिकेटची मॅच बघताना टीव्हीचा आवाज चढवून ठेवला होता. लाल ठिपका बघून मयुराने रिमोटकडे पाहिलंही नाही. त्या दिवशी जिजा मांडीत नव्हती. चटईवर उशीला टेकून बसली होती, तोंडात दुपट्याचं टोक, आणि मयुरा जरा मागे दाराशी कपड्यांच्या घड्या घालत होती.

दीपगृहाचा रखवालदार, त्याची बायको, त्यांचं लहान मूल. रखवालदार होडी घेऊन किनाऱ्यावर जातो आणि धुकं पडतं. बायको दिवा लावायला जिना चढते. गोल जिना, हातात कंदील, भिंतीवर तिची सावली तिच्याआधी चढतेय. मयुराच्या हातातली घडी तशीच राहिली. बायको वर पोचली. काचेबाहेर सगळं पांढरं. त्या पांढऱ्यातून एका बोटीचं नाक हळूहळू पुढे येऊ लागलं.

आणि बोटीचा भोंगा वाजला.

घर हादरलं. मयुराच्या हातून कपडे पडले, बाहेर ओट्यावरचा कुत्रा उठून भुंकायला लागला, आतून अंबूबाई ओरडल्या, "काय पडलं गं?" पडद्यावरच्या बाईने तोंड उघडलं आणि ती बोलली, खरखरीत, मोठ्याने, समुद्रावर ओरडून नवऱ्याचं नाव घेत. भोंगा पुन्हा वाजला.

जिजा दुपट्याचं टोक चघळत होती. तिची पापणीसुद्धा हलली नव्हती.

मयुरा उठली. आवाज कमी करायचा म्हणून तिने रिमोट घेतला, पण बोट दुसऱ्याच बटणावर गेलं. तिने सिनेमा मागे नेला. बाई पुन्हा जिना उतरली, पुन्हा चढली. धुकं. बोटीचं नाक. भोंगा. ह्या वेळी मयुरा पडद्याकडे बघतच नव्हती. पोरीच्या मानेवरचे कोवळे केस पंख्याने हलत होते, बाकी काही नाही. तिने तिसऱ्यांदा मागे नेला.

अंबूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या, अंबाडा सुटलेला. "अगं बंद कर ते. डोकं फुटेल माझं."

"आई, माझ्याकडे नका बघू. तिच्याकडे बघा."

भोंगा वाजला. अंबूबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. आणि त्या तशाच, कानांवर हात ठेवून, नातीकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी हितेश आला तेव्हा दोघी स्वयंपाकघरात होत्या आणि चूल थंड होती. ऐकून घेतल्यावर तो आधी हसला. "बघण्यात गुंग असेल ती." मग म्हणाला, चकतीत काही असेल. मग बाहेर गेला आणि अंगणात मोटरसायकलचा हॉर्न दाबून धरला. खिडकीत मयुराच्या कडेवर बसलेल्या जिजाने बापाला पाहिलं आणि दोन्ही हात पसरले.

"बघ, ऐकलं."

"तुला बघितलं तिने," मयुरा म्हणाली. "आता मी तिला आत घेऊन पाठमोरी बसते. तू परत वाजव."

दुसऱ्यांदा हॉर्न बराच वेळ वाजला. मग थांबला. हितेश लवकर आत आला नाही.

"तू तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हतास," अंबूबाई लेकाला म्हणाल्या. हे वाक्य त्या आठवडाभर म्हणत राहिल्या, कधी त्याला, कधी देवघराला. आणि दौलतकाका प्लेअर न्यायला आले तेव्हा त्यांना म्हणाल्या, "तुमच्या मुक्या सिनेमांनी पोर मुकी केली, भावजी."

काका ओट्यावरच बसले. चहा घेतला नाही. खोकं हातात घेऊन चष्म्याजवळ नेलं. "त्या काळी आवाज वेगळ्या तबकड्यांवर असायचा. ह्याच्या पहिल्या तबकड्या हरवल्या, म्हणून अर्ध्यापर्यंत मुका. मागे बारीक अक्षरांत लिहिलंय सगळं. मी कधी वाचलंच नाही."

"पण तुम्ही पाहिला असेल ना पुढे?" मयुराने विचारलं.

"बोलायला लागले की मी बंद करतो, सूनबाई. माझ्यापुरता तो तिथेच संपतो, म्हणून लाल ठिपका." ते नखाने लाल ठिपका खरवडत राहिले. ठिपका निघेना.

"राहू दे तो. ह्यानेच दाखवलं मला," मयुरा म्हणाली. "नाही तर मी अजून वर्षभर बघतच बसले असते."

त्या रात्री तिला एक उमगलं आणि मग झोप लागली नाही. मांडीत बसवून पाट्या वाचताना पोर मान वळवून बघायची, ती ऐकून नव्हे. तिची पाठ मयुराच्या छातीला टेकलेली असायची. आई बोलली की तिच्या पाठीला ते कळत होतं.

दुसऱ्या दिवशी ती कैनाडला गेली. काळीमावशी अंगणात तांदूळ पाखडत होती. मयुराने शिव्या ऐकायची तयारी ठेवली होती, पण मावशीने पोरीला मांडीवर घेतलं, तिचे तळवे चोळले आणि म्हणाली, "तलासरीला गुरवारी मशीन येतं. सरकारी. आमच्या रघ्याच्या पोराला तिथंच नेलं होतं. पण पोर झोपलेलं लागतं. जागं पोर हलतं, मग मशीन लिहीत नाय."

"झोपेचं औषध देतात?"

"कशाला औषध? सकाळपासून झोपू नको द्यायची. तिथं पोचली का आपसूक पडंल."

म्हणून त्या गुरुवारी पहाटे पाचपासून जिजाला जागं ठेवायची खटपट सुरू झाली. दौलतकाका आपली जुनी व्हॅन घेऊन आले. सोबत एक झाकण उघडून बघायचा छोटा प्लेअर, डब्यासारखा, लायब्ररीच्या शेवटच्या दिवसांत हौसेने घेतलेला. "बोर्डीहून तलासरी म्हणजे तासभर. गाडीत झोपली की सगळं मुसळ केरात. हा दाखव तिला." हितेशने गाडी चालवली, काका त्याच्या शेजारी, आणि मागच्या सीटवर मयुराने प्लेअर धरला. काचेबाहेर हायवेचे ट्रक, आत टोप्या उडणारी माणसं. जिजा डुलकीच्या काठावरून हसत होती.

दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकं भरलेली होती. बहुतेक पाड्यांवरून आलेल्या बाया, मांडीत पोरं, आणि प्रत्येकीची तीच कसरत: कोणी पोराच्या गालावर टिचक्या मारतंय, कोणी तोंडावर पाणी शिंपडतंय. आत मशीनवर एक मॅडम आणि मदतीला सिस्टर. मयुराला बारावा नंबर मिळाला. शेजारी अकरा नंबरवाली होती, विशीतली, निळ्या साडीची, मांडीत सात-आठ महिन्यांची पोर. पोरीच्या डाव्या भुवईत एक बारीक पांढरी खूण होती, तिथे केस उगवले नव्हते.

जिजासाठी म्हणून प्लेअर बाकावर ठेवला, तर हळूहळू अख्खा व्हरांडा त्याच्याभोवती गोळा झाला. एक जाडा शिपाई शिडीवरून पडत होता, पुन्हा चढत होता. पोरं हसत होती, त्यांच्या आया हसत होत्या. कोण ऐकू येणारं, कोण न येणारं, काही कळत नव्हतं. सगळी एकाच वेळी हसत होती. दौलतकाका भिंतीला टेकून सिनेमा सोडून त्या चेहऱ्यांकडे बघत होते. मयुराने त्यांना चष्मा पुसताना पाहिलं.

"ह्यो बोलत का नाय?" निळ्या साडीवालीने विचारलं.

"आवाज मुळातच नाही ह्याला."

"बरं हाय मग." ती आपल्या पोरीकडे बघून म्हणाली, "हिला सारखाच."

तिचं नाव संगिता, पोरीचं रूपी. नवरा उंबरगावला कंपनीत, पंधरा दिवसांनी घरी येणारा. "दिराच्या लग्नात डीजे लावला होता, ह्या इथं, आमच्या कुडाला लागून. सगळी पोरं रडली. ही त्या पेटीला हात लावून हसत होती. तवा मला समजलं." ती हे सरळ सांगत होती, कोणाला लपवायचं नसल्यासारखं. "तुला कवा समजलं?"

मयुरा म्हणाली, "मला सांगितलं होतं एका मावशीने. मी ऐकलं नाही."

संगिताने तिच्याकडे पाहिलं आणि पदरातली दोन करवंदं काढून तिच्या हातावर ठेवली.

दुपारी एक वाजता सिस्टर बाहेर आली. "अकरा नंबर. बाळ झोपलंय का?"

रूपी टक्क जागी होती, शिपायाकडे बघत. आणि त्याच मिनिटाला जिजाची मान मयुराच्या दंडावर कलंडली. सकाळपासूनची सगळी झोप एकदम तिच्यावर कोसळली होती.

"तू जा," संगिता म्हणाली. "तुझी पडलीय. जागी झाली का परत पडणार नाय. माझी पडली का मी येतेच."

"नक्की? तुमचा नंबर आहे."

"अगं जा बाय, बोलत काय बसलीस."

आत अंधार होता, गार हवा होती. जिजाच्या कपाळावर आणि कानांमागे छोट्या चकत्या चिकटवल्या, तारा जोडल्या. पडद्यावर एक रेघ निघाली. मॅडमनी आवाज सोडला, रेघ सरळ गेली. वाढवला, सरळ गेली. मयुराला आत काही ऐकू येत नव्हतं. आवाज होता तो फक्त जिजाच्या कानांत जात होता आणि तिथे कुठेतरी थांबत होता. डावा कान झाला, उजवा झाला. रेघ ओहोटीच्या समुद्रासारखी दूर आणि सपाट. मयुरा तिच्याकडे इतकी एकटक बघत होती की मॅडम म्हणाल्या, "ताई, तुम्ही डोळे मिटून बसलात तरी चालेल."

सव्वा तास लागला. दोन्ही कानांना जवळपास काहीच ऐकू येत नव्हतं. पुढची तपासणी मुंबईला करायची, मग कानात घालायचं मशीन, मग शिकवणी, आणि उशीर करायचा नाही, एक दिवसही नाही. अजून वर्षाची व्हायचीय ना, मॅडम म्हणाल्या, बरं झालं आलात. मयुराने विचारलं, "विसाव्या दिवशी आले असते तर?" मॅडमनी कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "आज आलात ना, ते धरा."

ती बाहेर आली तेव्हा व्हरांडा जवळजवळ रिकामा होता. मशीन दुसऱ्या तालुक्याला जायचं होतं, वेळ संपली होती. प्लेअर काकांच्या मांडीवर बंद होता आणि त्यांच्या शेजारी संगिता उभी होती, खांद्यावर रूपी, आता गाढ झोपलेली. अर्ध्या तासापूर्वीच पडली होती. सिस्टर सांगत होती, पुढच्या गुरुवारी या, पहिला नंबर देते.

"संगिता, मी मॅडमना सांगते. तू मला जाऊ दिलंस म्हणून..."

"सांगून काय, गाडी भरली त्यांची. जीप सुटंल माझी. येते गुरवारी." ती दोन पायऱ्या उतरली, वळली. "तुझीचं काय झालं?"

मयुराने नकारार्थी मान हलवली.

 मोकळ्या हाताने संगिताने जिजाची लोंबती चप्पल नीट पायात सारली आणि गेली. मयुराला तिचा पाडा विचारायचा होता, नंबर लिहून घ्यायचा होता. वही पिशवीत होती. शिंकेची वेळ लिहिणाऱ्या त्या वहीत तिने त्या दिवशी एक अक्षर लिहिलं नाही. तिला समोरचं काहीच दिसत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी ती मुंबईत होती. त्याच्या पुढच्या गुरुवारी तलासरीला गेली. रूपी आली नव्हती, आधीच्या गुरुवारीही आली नव्हती. रजिस्टरात नुसतं रूपी, आई संगिता, गाव उधव्याच्या बाजूला, आणि एक फोन नंबर जो शेजाऱ्याचा निघाला. शेजारी कामाला बाहेरगावी. तिकडच्या आरोग्यसेविकेला, आशाताईंना, विचारलं, त्या म्हणाल्या, संगिता नावाच्या तिकडे डझनभर असतील. मयुरा आणि दौलतकाका व्हॅन घेऊन दोन पाडे फिरून आले. पावसाने कच्च्या रस्त्यांचा चिखल केला होता, तिसऱ्या पाड्याला गाडी जाईना.

जिजाला श्रावणात दोन्ही कानांत मशीनं बसली. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि ती घाबरून रडली, आणि अंबूबाई ताट टाकून उठल्या, तिला पोटाशी धरून स्वतःच रडत बसल्या. अजून तिला बोलणं समजत नाही. वेळ लागेल. शिकवायला येणारी बाई म्हणते, कान उघडलेत, आता त्यांना चालायला शिकवायचं. दुपारी जिजा अजून मुके सिनेमे मागते, आणि मयुरा लावते, पण आता मांडीत तोंड आपल्याकडे करून बसवते आणि पाटी आली की तिच्या डोळ्यांत बघून मोठ्याने वाचते.

पण मधेच वाचता वाचता ती थांबते. जिजाच्या वाट्याला आलेला तो सव्वा तास दुसऱ्या पोरीचा होता, हे तिला कोणी सांगावं लागत नाही. रूपी आता वर्षाची झाली असेल. प्रत्येक महिना मोजावा असा असतो, मॅडम म्हणाल्या होत्या.

म्हणून मयुराचं हे वाचणाऱ्यांकडे एक मागणं आहे. तुम्ही तलासरीच्या पुढे, उधव्याच्या बाजूला राहत असाल, शाळेवर, दवाखान्यात, दुकानात कामाला असाल, नाही तर नुसते त्या वाटेने जात असाल, तर संगिता नावाच्या बाईची चौकशी करा. नवरा उंबरगावला कंपनीत. पोरीचं नाव रूपी, डाव्या भुवईत बारीक पांढरी खूण. हसरी आहे, सगळं टक लावून बघते, त्यावर जाऊ नका. तिची तपासणी झाली का, एवढं विचारा. झाली असेल तर बोर्डीला निरोप द्या. झाली नसेल तर संगिताला म्हणा, दर गुरुवारी सकाळी आठला मयुरा व्हरांड्यातल्या पहिल्या बाकावर असते, आणि तिने घेतलेला नंबर तिचा नसतो, रूपीचा असतो.